मामाची पॉलिसी आणि माझं कमिशन

मी एजंट होतो. विम्याचा. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर कुणाला वाटेल, हा आला लांबून बोट दाखवणारा शहाणा. सहा वर्षं मी खांद्याला बॅग अडकवून आपल्याच वस्तीत फिरलो. आपल्याच माणसांच्या दारात बसलो, त्यांचा चहा प्यालो आणि त्यांनाच गंडवलं. तेव्हा कळत नव्हतं म्हणायची सोय नाही. अर्धं कळत होतं. बाकीचं अर्धं कळून घ्यायचं नव्हतं, कारण त्यावर घर चाललं होतं.

मार्च २०१४. मार्च म्हणजे एजंटांचा शिमगा. टार्गेट पुरं व्हायला दोन पॉलिस्या कमी पडत होत्या. एक मी मामाच्या गळ्यात मारली. मामा मुंबईत कचऱ्याच्या गाडीवर कंत्राटी कामगार. वय त्रेचाळीस. घरात मामी, दोन पोरी, एक पोरगा. मी त्याला तक्ता दाखवला. पंधरा वर्षांची बचतीची पॉलिसी, विमा २ लाखांचा, हप्ता वर्षाला १४,५०० रुपये. पंधरा वर्षांनी बोनससकट पैसे परत. मामा म्हणाला, ‘‘तू म्हणतोस तर चांगलंच असंल.’’ त्याने तक्ता बघितलाही नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि अंगठ्याशेजारी सही केली.

पहिला हप्ता त्याने व्याजाने पैसे काढून भरला. त्यातले शंभराला पंचवीसच्या वर माझ्या खिशात आले. दुसरा हप्ता २०१५ ला भरला. २०१६ च्या मार्चला कंत्राटदार बदलला, तीन महिने पगार लटकला, हप्ता चुकला. पॉलिसी बंद पडली. २०१७ च्या जुलैत, भर पावसात कचरा उपसता उपसता मामाला ताप आला. लेप्टो. सहाव्या दिवशी गेला.

दहावा-बारावा आपल्यात करत नाहीत. पण पुण्यानुमोदनाच्या दिवशी मामी माझ्यासमोर पॉलिसीचं बाड घेऊन बसली. मी तिला सांगितलं की काही मिळणार नाही. तीन वर्षं पुरी भरली असती तर थोडंफार मिळालं असतं. दोन भरले, तिसरा चुकला, म्हणजे भरलेले २९,००० सुद्धा बुडाले. मामी रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘‘आन् तुला किती सुटलं रं?’’

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हा लेख आहे.

आता खरी गोम ऐका. १ जून २०१५ पासून देशात एक साधी योजना सुरू झाली होती. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा. बँकेत खातं असलं की वर्षाला ३३० रुपये कापून घ्यायचे आणि माणूस कशानंही मेला तरी घरच्यांना २ लाख द्यायचे. वयाची अट १८ ते ५०. मामाचं खातं होतं, वय बसत होतं. २०१५, २०१६, २०१७, तीन वर्षांचे ९९० रुपये. मामाने २९,००० भरले आणि मामीला शून्य मिळालं. ९९० भरले असते तर २ लाख मिळाले असते. तेच २ लाख, जे मी त्याला १४,५०० च्या हप्त्यात विकले होते! मला ही योजना माहीत होती. मी मामाला सांगितली नाही. का? सांगून मला सुटून सुटून काय सुटणार होतं?

मित्रांनो, धंद्याचं सगळं बिंग एवढ्याच हिशेबात आहे. विमा दोन तऱ्हेचा असतो. बाकी सगळी नावं, रंगीत कागद आणि टाय लावलेली पोरं ही वरची सजावट. एक तऱ्हा अशी, की माणूस मेला तर पैसे, जगला तर काही नाही. याला टर्म म्हणतात. हप्ता लहान, संरक्षण मोठं. दुसरी तऱ्हा अशी, की मेला तरी पैसे, जगला तरी पैसे. एन्डोमेन्ट, मनीबॅक, युलिप ही सगळी तिचीच पोरंबाळं. त्यात तुमच्या हप्त्याचा मोठा वाटा बचतीच्या नावाखाली जातो, म्हणून हप्ता जबर आणि संरक्षण चिमूटभर. आणि ही बचत तरी किती वाढते? बहुतेक वेळा पोस्टातल्या ठेवीइतकीही नाही. मग ही दुसरी तऱ्हाच का खपते? कारण पहिलीवर कमिशन हाताला लागत नाही आणि दुसरीवर लागतं.

शिवाय आपल्या माणसाला ‘जगलो तर काहीच नाही?’ हे पटत नाही. मलाही पटत नव्हतं. आयुष्यभर ज्याचं बुडतच आलंय, त्याला आणखी एक पैसा बुडवायला सांगितला की तो बिचकतो. एजंट नेमकी हीच नस दाबतो. पण विचार करा. आपल्या घरात पैसे साठवायला विमा लागतो की कमावता हात तुटल्यावर चूल पेटती ठेवायला लागतो? साठवायला पोस्ट आहे, बँक आहे, बायांचे बचत गट आहेत. मरणाचं काम मरणाच्या विम्याला करू द्या आणि बचतीचं काम बचतीला. दोन्ही एका ताटात वाढून देतो म्हणणारा दोन्हीकडून खातो.

टर्मचाही हप्ता चुकला तर तीही बंद पडते, हे लपवत नाही. पण ज्याचा हप्ता लहान त्याचा चुकतो कमी. १४,५०० साठी व्याजाने पैसे काढावे लागतात. ४३६ साठी लागत नाहीत.

आपल्यातले काही जहाल दोस्त यावर नाक मुरडतील. म्हणतील, विमा हा भांडवलदारांचा जुगार, आपण त्यात कशाला पडायचं? आपला लढा व्यवस्थेशी आहे, पॉलिसीशी नाही. या दोस्तांना माझं सांगणं आहे, बाबासाहेब वाचा. नुसता फोटो लावू नका. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी त्यांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन लिहिलं. त्यात शेती आणि मूलभूत उद्योगांच्या बरोबरीने विमा आहे. विमा ही फक्त सरकारची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा उतरवायला सरकारने भाग पाडावं, ही त्यांची मागणी होती. कारणंही दिली. खाजगी कंपनीपेक्षा सरकार पाठीशी असलं की माणूस जास्त सुरक्षित राहतो, आणि विम्याचा गोळा झालेला पैसा देश उभा करायला कामी येतो. ज्या माणसाने हा विचार केला त्याला मजुराच्या मरणानंतर त्याच्या घरात काय होतं ते ठाऊक होतं. आपण मात्र विमा हा पांढरपेशांचा विषय म्हणून सोडून दिला आणि माझ्यासारखे एजंट त्या मोकळ्या मैदानात सुटले.

त्या मागणीचं पुढे काय झालं? अर्धी मागणी मान्य झाली. १ सप्टेंबर १९५६ ला २४५ विमा कंपन्या आणि भविष्यनिर्वाह संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ, म्हणजे एलआयसी, उभं राहिलं. दीक्षाभूमीच्या दीड महिना आधी. मक्तेदारी आली, पण दुसरी अर्धी मागणी, प्रत्येक मजुराला विमा, ती आलीच नाही. ज्याच्याकडे हप्ता भरायला पैसे त्याला विमा, ज्याच्याकडे नाहीत तो उघडा. मग २००० साली मक्तेदारीही गेली. खाजगी कंपन्या आल्या. परदेशी भांडवलाला आधी २६ टक्के, २०१५ ला ४९ टक्के, २०२१ ला ७४ टक्के असं दार उघडत गेलं. मे २०२२ मध्ये खुद्द एलआयसीचे साडेतीन टक्के शेअर बाजारात विकले. म्हणजे बाबासाहेबांनी जी सरकारची जबाबदारी मानली ती फिरत फिरत तुमच्या-माझ्या खिशावर येऊन पडली. निवडायचं स्वातंत्र्य म्हणतात याला! निवडा म्हणे. दोन डझनांहून जास्त कंपन्या आणि शेकडो पॉलिस्या. लिहिता-वाचता येणारा चक्रावतो, तिथं मामा काय निवडणार?

तरी निवडावं लागणार. सरकार शहाणं होईस्तोवर मरण थांबत नाही. म्हणून एजंटगिरी सोडल्यावर जे शिकलो ते इथं मांडतो. यात मला कमिशन नाही.

पहिलं, जे स्वस्तात आहे ते आधी घ्या. जीवन ज्योतीचा हप्ता जून २०२२ पासून ४३६ रुपये झाला. २ लाखांचा विमा आहे, पन्नाशीच्या आत शिरायचं, पंचावन्नपर्यंत चालतो. नवीन शिरलात तर पहिले ३० दिवस फक्त अपघाती मरण धरतात. तिच्या जोडीला सुरक्षा विमा २० रुपयांचा. अपघातात मेलं तर २ लाख, अठरा ते सत्तर वयापर्यंत. दोन्ही मिळून ४५६ रुपये. मे महिन्याच्या अखेरीस खात्यात तेवढे ठेवा, कारण पैसे तेव्हाच कापतात. खातं रिकामं असलं की विमा गेला. आणि घरच्यांना सांगून ठेवा. विमा आहे हेच बायकोला माहीत नसतं आणि पैसे तसेच पडून राहतात.

दुसरं, पीएफ कापला जात असेल तर तुमचा विमा आहेच. १९७६ पासून पीएफला जोडलेली विमा योजना आहे, तिला ईडीएलआय म्हणतात. कामगाराने एक पैसा भरायचा नाही, हप्ता मालक भरतो. नोकरीत असताना माणूस मेला तर वारसाला पैसे मिळतात, २०२१ पासून जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत. मी सहा वर्षं विमा विकला आणि मला हे ठाऊक नव्हतं. मामा गेल्यावर दोन वर्षांनी युनियनमधल्या एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याने मामीकडून फॉर्म ५ आयएफ भरून घेतला. मामीला जे काही पैसे मिळाले ते तिथून. जिथं एजंट नव्हता, तिथून! म्हणून कंत्राटी कामगारांनो, पीएफ कापतात तो भरतात का हे दर महिन्याला बघा. कंत्राटदाराने बुडवला तर ज्याच्या कामासाठी कंत्राट आहे त्या मूळ मालकाला धरा, कायद्याने तो जबाबदार आहे.

तिसरं, यावर आणखी लागेल. कर्ज आहे, पोरं लहान आहेत, तर २ लाख वर्षभरही पुरत नाहीत. ढोबळ हिशेब असा धरतात, वर्षाच्या कमाईच्या दहापट आणि त्यात डोक्यावरचं कर्ज मिळवायचं. एवढी टर्म घ्यायची, पोरं हाताशी येईपर्यंतच्या मुदतीची. पण इथं आपली अडचण सुरू होते. टर्म द्यायला कंपन्या विचारतात, शिक्षण किती, पगाराची चिठ्ठी कुठाय, काम काय करता? गटार साफ करणाऱ्याला, पावती नसलेल्या मजुराला दार बंद. कंपनीच्या हिशेबात माणसाच्या जिवाची किंमत त्याच्या कमाईवर ठरते. आणि कमाई कशावर ठरते? जन्मावर. म्हणजे मनूचा तक्ता तसाच राहिला, फक्त त्याच्या डोक्यावर विम्याचं नाव आलं.

या दारात एक फट आहे. १ जानेवारी २०२१ पासून विमा नियामकाने सगळ्या आयुर्विमा कंपन्यांना ‘सरल जीवन विमा’ नावाची एकसारखी टर्म विकायला लावली. ५ लाखांपासून २५ लाखांपर्यंत, वय १८ ते ६५. काम कुठलं, शिक्षण किती, बाई की पुरुष, राहता कुठं, यावरून कुणाला ती नाकारायची नाही. पहिले ४५ दिवस फक्त अपघाती मरण धरतात. सगळ्या कंपन्यांची कलमं सारखी, म्हणून तुम्ही फक्त दोन गोष्टी ताडायच्या, हप्ता किती आणि कंपनी पैसे देते का. कंपनीत जाऊन नावानिशी मागा. एजंट म्हणेल, ‘‘ती नको, ही बघा, हिच्यात पैसे परत येतात.’’ तो का म्हणतोय ते आता तुम्हाला माहीत आहे. आधी टर्मवर १८ टक्के जीएसटी होता, म्हणजे मरणाच्या भीतीवरही सरकारचा वाटा. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला. हप्त्यात कुणी अजून धरत असेल तर विचारा.

चौथं, कंपनी कुठली? नाव मोठं की जाहिरात मोठी हे बघू नका. दरवर्षी नियामक छापतो की कुठल्या कंपनीने मरणाचे किती दावे दिले. ते बघा. आणि नुसते किती दावे दिले ते नको, रकमेतले किती दिले तेही बघा, कारण लहान दावे देऊन मोठे अडवले तरी टक्केवारी गोजिरी दिसते. एलआयसीच्या पॉलिसीतल्या रकमेला आणि बोनसला कायद्याने केंद्र सरकारची हमी आहे. खाजगीला तशी हमी नाही, पण हप्ता कधी कधी कमी असतो. तुमच्या बायकोला एकटीला जाऊन भांडता येईल असं ऑफिस जवळ आहे का, हेही बघा. माझ्या लेखी ते फार मोठं आहे. पॉलिसी घेतो नवरा, पण भांडावं लागतं बायकोला.

पाचवं, फॉर्म स्वतः भरा नाहीतर शिकल्या पोराकडून भरून घ्या. मी एजंट असताना आजाराच्या सगळ्या रकान्यांत ‘नाही, नाही, नाही’ लिहायचो. साखर आहे? नाही. तंबाखू? नाही. समोर माणूस तळहातावर तंबाखू मळत बसलेला असायचा! खरं लिहिलं तर हप्ता वाढतो आणि गिऱ्हाईक पळतं. पण उद्या माणूस मेला की कंपनी तेच ‘नाही’ बाहेर काढते आणि दावा फेटाळते. म्हणून तंबाखू, मिश्री, दारू, बीपी, सगळं खरं लिहा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर विमा कायद्याचं कलम ४५ सांगतं, तीन वर्षं झाली की कंपनीला कुठल्याही कारणाने पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही. पण त्या तीन वर्षांत काय होईल याचा भरवसा कुणी द्यावा? नावंही आधार, बँक आणि पॉलिसी तिन्हीकडे एकच ठेवा. शाळेत मास्तरने एक लिहिलं, रेशनवर दुसरं, वस्तीत तिसरं, या घोळात आपल्या बाया वर्षानुवर्षं खेटे घालतात.

पॉलिसी हातात आल्यावर नीट वाचा. पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते. आणि ज्यांच्या गळ्यात बचतीची पॉलिसी आधीच पडलीय त्यांनी घाईने मोडू नये, आधी ऑफिसात विचारावं की आज मोडली तर किती मिळेल, पेड-अप ठेवली तर किती. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या पॉलिस्यांना एक वर्ष भरल्यावरही काही रक्कम परत मिळते. मामाच्या वेळी ते नव्हतं.

सहावं, कर्जाचं. माणूस मेला की सावकार मातीवरून परस्पर घरी येतो. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आहे. पॉलिसी घेतानाच त्या कायद्याखाली बायको-मुलांच्या नावे केली तर ती रक्कम त्यांचीच. कर्जवाल्याला कोर्टातूनही तिला हात लावता येत नाही. हा कायदा बौद्धांना १९५९ च्या दुरुस्तीने लागू झाला. फॉर्ममध्ये एक खूण करायची असते. सहा वर्षांत मी ती एकदाही केली नाही. कुणी शिकवलीच नव्हती, कारण तिच्यावर कमिशन नव्हतं.

सातवं, दावा फेटाळला तर गप्प बसू नका. विमा लोकपाल मुंबईत आहे, पुण्यात आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा नकार आला की वर्षाच्या आत लोकपालाकडे जा. फी नाही, वकील नाही. ५० लाखांपर्यंतचा निवाडा तो देतो.

आणि शेवटचं, मामीचं. मामी चार घरची धुणीभांडी करते. मामा गेल्यावर तीन पोरं तिने जगवली. मामाच्या हयातीतही घर अर्धं तिच्याच हातावर होतं. मी सहा वर्षं त्या घरात चहा प्यालो. ‘मामी, तुमचा विमा?’ असं एकदाही विचारलं नाही. माझ्या डोक्यात कमावता म्हणजे पुरुष. व्यवस्थेला शिव्या देणाऱ्या माझ्या डोक्यातही व्यवस्थाच बसलेली होती. म्हणून भावांनो, स्वतःचा विमा काढाल त्याच दिवशी घरच्या बाईचाही काढा.

एवढं करून प्रश्न संपत नाही, हे मलाही कळतं. सुप्रीम कोर्टाने गटारात मेलेल्याच्या घरच्यांना आधी २०१४ ला १० लाख, मग २०२३ ला ३० लाख द्यायला सांगितले. आधी माणूस गटारात उतरवायचा, मग त्याच्या प्रेताचा भाव वाढवायचा! त्याला उतरवूच नका, ही मागणी पहिली. आणि प्रत्येक राबत्या माणसाचा विमा त्याच्या मजुरीसोबत सरकारने उतरवला पाहिजे, ही मागणी दुसरी. ती १९४७ पासून थकलेली आहे. तिचा हप्ता आपण रक्ताने भरत आलोय. ती मागणी आपण परत लावून धरली पाहिजे, मोर्च्यात, युनियनमध्ये, जाहीरनाम्यात. पण तोवर वस्तीत मामासारखा माणूस परत उघडा मरता कामा नये.

गेल्या मे महिन्यात मी मामीला बँकेत घेऊन गेलो. ४३६ आणि २० चे दोन्ही अर्ज मीच वाचून दाखवले. तिने सही केली. मामासारखी माझ्या तोंडाकडे बघून नाही. आधी प्रत्येक रकाना विचारला. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘‘यात तुला किती?’’

‘‘काही नाही,’’ म्हटलं.

‘‘मग खरं असंल,’’ ती म्हणाली.

जय भीम.